काळा कोट आणि पट्ट्यांची पॅन्ट

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांब होईल, वेळ असेल तरच वाचा.

दुपारच्या सुट्टीत कोर्टाच्या बाररूमला (वकिलांची बसायची खोली) चहा घेत बसलो होतो. आमच्यातलं एक नवीन पोरगं आत आलं, वकिलीची सनद मिळून वर्ष पण झालं नसेल. काळा कोट, पांढरा शर्ट, गळ्यातला पांढरा बँड कडक इस्त्रीचा, आणि खाली राखाडी पॅन्ट, बारीक काळ्या पट्ट्यांची, पुढं दोन प्लेटा, आणि आजकाल सगळ्यांची असती तशी कमरेखाली घसरलेली नाही, कमरेवर नीट बसलेली. बूट साधेच पण पॉलिश असं की बघत राहावं. मी मनात म्हटलं वा रे पठ्ठ्या! तेवढ्यात एक सिनियर, नाव घेत नाही, सगळ्या रूमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय रे, कोर्टात आलायस का वरातीत?" झालं, सगळे हसले. पोरगं कसनुसं हसलं आणि चहा न घेताच फाईल उचलून बाहेर गेलं.

आणि हे म्हणणाऱ्यांचा कोट बघायचा होता तुम्ही. कोपरं घासून चकाकायला लागलीत, कॉलर मानेपासनं दोन बोटं लांब, बँड पिवळा पडलाय, बाह्या अंगठ्यापर्यंत. त्यांना कोण काय बोलतंय? उलट 'साहेब किती साधे' म्हणायचं! गबाळं राहिलं की साधं आणि पोरगं नीटनेटकं राहिलं की शायनर, हा कुठला न्याय हो?

मी तिथंच म्हटलं, साहेब नियम बघा. वकिलांच्या पोशाखाच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमात पट्ट्यांची पॅन्ट आहे, राखाडी पॅन्ट आहे, गळाबंद कोट आहे, अचकन आहे, काळी शेरवानी आहे, अहो धोतर पण आहे! चालत नाही ती जीन्स. तर म्हणाले, नियमात असंल, पण बरं दिसतं का? म्हणजे नियम पाळला तरी ऐकून घ्यायचंच.

मला माझा पहिला कोट आठवला. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या एका बोळात आमचे टेलर मास्तर, दुकान एवढंसं, दोन मशीन आणि एक कापायचं टेबल. सनद मिळाल्यावर वडील घेऊन गेलते. मला वाटलं टेप लावतील, माप लिहितील आणि गणपतीनंतर या म्हणतील. तर मास्तरनं आधी विचारलं, "बाळा, बोलताना हात कुठला वर जातो?" म्हटलं डावा, मी डावखुरा. मग म्हणाले हात वर करून दाखव. केला. मग म्हणाले, बॅग कुठल्या खांद्याला अडकवतोस? आणि मग मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेजवळचा गोल, वर घेतला. मुंढा खाली ठेवला की हात उचलल्यावर सगळा कोटच वर येतो आणि माणूस बुजगावण्यासारखा दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. बॅगेनं एक खांदा उतरला होता, त्या बाजूला आतनं जरा जाडी दिली. आणि मी जे मागितलं ते पण दिलं बरं का, आतला पेनाचा खिसा उजव्या बाजूला, कारण मी डाव्या हातानं शाईपेन काढतो. बाहेरनं बघणाऱ्याला काय कळणार? चारचौघांसारखा काळा कोट. पण तो माझा कोट होता, दुसऱ्या कुणाच्या अंगावर बसलाच नसता.

मला हेच म्हणायचंय आणि हे मी कितीही वेळा म्हणायला तयार आहे. रंग ठरलेला आहे ना, राहू दे की! मला काय निळा कोट घालून उभं राहायचं नाही. पण खांदा, लांबी, कापड, शर्टाची बाही कोटाच्या बाहेर किती दिसावी (अर्धा इंच पुरे), पॅन्टची घडी, बुटाची लेस, यात माणूस दिसतो. पुरुषांनी गडद कोट आणि पांढरा शर्ट असं साधं राहायची फॅशन आली कुठनं? लंडनचा बो ब्रमेल, 1778 चा जन्म. त्याच्या आधी मोठे लोक रेशीम आणि जरीत फिरायचे, या गड्यानं गडद लोकरी कोट, पांढरं स्वच्छ लिनन आणि अंगावर नीट बसणारं कटिंग एवढ्यावरच सगळ्या लंडनला मागं टाकलं. म्हणजे ज्याला आपण 'साधं' म्हणतोय ती एका माणसाची स्टाईलच होती की.

आणि कोल्हापुरात राहून कोण मला सांगतंय की पुरुषानं कपड्यात लक्ष घालू नये? चप्पल लाईनला जाऊन बघा. पोटाला चिमटा काढणारा माणूस सुद्धा कापशी कोल्हापुरी चप्पल घेताना कान बघतो, वेणी बघतो, चार पावलं चालून करकर ऐकतो आणि मगच पैसे देतो. फेटा बांधणाऱ्याला तुरा किती ठेवायचा ते बसून सांगतात लोक. तिथं कुणी वरात म्हणत नाही. काळा कोट आला की मात्र सगळ्यांना वैराग्य आठवतं.

बरं, मान्य. काही पोरं अति करतात. घोट्याच्या वर पॅन्ट, पायात मोजे नाहीत, कोट एवढा टाईट की बटण कधी उडंल सांगता येत नाही. त्यांना बोला की, बाजूला घेऊन बोला. आणि पक्षकार कोट बघून केस देत नाही, हे पण मान्य.

पण आता गोष्ट वेगळी आहे. चाळीसच्या वर वर्षं भांडून आपण कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आणलं, 18 ऑगस्ट 2025 ला काम सुरू झालं, भाऊसिंगजी रोडच्या त्या जुन्या इमारतीत आता सहा जिल्ह्यांचे वकील येतात. हायकोर्ट आहे ते, तिथं गाऊन लागतोच, उन्हाळ्यात खालच्या कोर्टात कोटाची सूट असती ती तिथं नाही. एप्रिलमध्ये अंगावर काळा कोट आणि वर गाऊन! तिथं पॉलिस्टरचा रेडिमेड कोट घालून दिवस काढून बघा. ज्याला बकरम (कोट ताठ राहावा म्हणून आत घालतात ते कापड) नुसतं चिकटवलेलं असतंय तो आपल्या पावसात भिजला आणि दोन-चारदा ड्रायक्लीनिंगला गेला की छातीवर फोड येतात. आमच्या मास्तरनं आत शिवलेलं बकरम घातलं होतं, हातानं टाके टाकलेले, म्हणून तो कोट अजून उभा आहे. पैसे जास्त गेले, हो गेले. वडिलांनी एक अक्षर न बोलता दिले.

आता जे लिहितो ते जरा कडू आहे. बिंदू चौकात महात्मा फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा 1950 पासनं आहे, बाबासाहेब हयात असताना बसवलेला. रोज तिथनं जाता ना? ज्या समाजाला शतकानुशतकं नवं कापड, चांगलं कापड अंगावर घालायची चोरी होती, त्यातला माणूस बॅरिस्टर होऊन कोट-टायमध्ये उभा राहिला, तेव्हा पण लोक टोमणे मारतच असतील की. म्हणून मला राग येतो. नीट कपडे घातलेल्या पोराला 'वरातीत' म्हणणं ही गंमत नाही, त्याला त्याची पायरी दाखवणं आहे, आणि हे बोलायचा अधिकार कुणी दिला?

संध्याकाळी पार्किंगला ते पोरगं भेटलं. वडील इचलकरंजीत मागावर कामाला. पॅन्टचं कापड त्यानं पहिल्या फीच्या पैशातनं घेतलंय. मला म्हणतं, "सर, उद्यापासनं काळीच घालू का?"

काय बोलणार सांगा. एवढा वेळ रागात टाईप करत होतो, इथं आल्यावर हात थांबला. मी म्हटलं बाळा, हीच घाल, फक्त बॅग एकाच खांद्याला अडकवू नकोस, कोट ओढला जातोय. ते हसलं. मग पंधरा-वीस मिनिटं आम्ही मुंढा, कॉलर आणि इस्त्रीवरच बोलत उभं होतो. त्याला बरंच माहीत होतं. काळ्या कापडावर ओला रुमाल ठेवून इस्त्री केली की चकाकी येत नाही, हे त्यानंच सांगितलं, वडिलांनी शिकवलंय म्हणाला.

सिनियर मंडळींना, म्हणजे आपल्यालाच, एक विनंती. ज्युनियरला ड्राफ्टिंग शिकवता तसं एकदा चांगल्या टेलरकडं पण घेऊन जा. माझ्या वडिलांनी नेलं म्हणून मला कळलं, ज्याचे वडील मागावर असतात त्याला कोर्टाचा कोट कसा असतो हे कोण सांगणार?

आमचे मास्तर आता कमी काम घेतात, मुलगा बघतो सगळं, पण कटिंग अजून स्वतः करतात. ज्या ज्युनियरला जायचं असंल त्यानं इनबॉक्समध्ये या, मी स्वतः येतो सोबत. मास्तरांकडं कोटाच्या ट्रायलला येताना कोर्टात घालता तोच शर्ट आणि तेच बूट घालून या, चप्पल घालून आलात तर पॅन्टची लांबी चुकते. लग्नसराई सुरू व्हायच्या आत या, नंतर मास्तर हातात टेप धरत नाहीत.