रविवार मागून मिळालेला नाही

भारतात कामाच्या तासांवरचा वाद दर काही महिन्यांनी नव्याने पेटतो आणि इथे जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या गप्पांतही त्याचे पडसाद उमटतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले, तेव्हा त्यांनी दाखला दिला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीचा आणि जपानचा. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांपर्यंत गेले आणि कर्मचाऱ्यांना रविवारी कामाला लावता येत नाही, याची खंतही त्यांनी बोलून दाखवली. या विधानांवर सगळ्यांत लवकर येणारे उत्तर म्हणजे 'परदेशात बघा, माणसे किती निवांत जगतात'. हे वाक्य आम्हा परदेशस्थांच्याच तोंडी अधिक असते, आणि माझ्या मते ते निम्मेच खरे आहे.

खरा भाग आधी सांगतो. इथल्या रविवारी किराणा दुकाने, मॉल, कपड्यांची दुकाने बंद असतात. बेकऱ्या काही तास उघडतात, आणि फारच नड असेल तर रेल्वे स्थानकातले किंवा पेट्रोल पंपावरचे दुकान गाठावे लागते. भिंतीला ड्रिल लावायचे नाही, गवत कापायचे यंत्र चालवायचे नाही, रिकाम्या बाटल्याही काचेच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण त्यांचा आवाज होतो. या भागात इमारतीचा जिना झाडण्यापुसण्याची पाळी आठवड्याआठवड्याने घरोघर फिरते; ज्याची पाळी त्याच्या दाराला 'केरवोखे', म्हणजे झाडलोटीचा आठवडा, असे लिहिलेली पाटी लटकते आणि काम शनिवारपर्यंत उरकून ती पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची असते. पुण्याहून आलेल्या माणसाला हे सारे आधी जाच वाटते. दूध संपले तर सोमवारपर्यंत कोरा चहा, हे पचायला वेळ लागतो. पण काही करण्यासारखे उरतच नाही, तेव्हा माणूस चालायला निघतो. शहराच्या ऐन वस्तीला लागून असलेल्या द्राक्षमळ्यांतून चढण चढतो आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास कोणाकडे तरी केक आणि कॉफी घेत दोन तास बसतो. सप्टेंबरात त्या केकवर निळ्या आलुबुखाराच्या फोडी दाटीवाटीने रचलेल्या असतात, त्यांचा आंबट रस खालच्या पिठात मुरलेला असतो, आणि यजमानीणबाई झाड कोणाच्या परसातले इथपासून सांगायला सुरुवात करतात. ऑफिसचा विषय कोणी काढत नाही. घड्याळाकडे न बघता खाणे मी इथे शिकलो, हे मान्य करायला हवे.

मात्र हा निवांतपणा जर्मन माणसाच्या रक्तात आहे, असा जो समज आपण भारतात पोहोचवतो, तो चुकीचा आहे. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून कायद्याने संरक्षित राहील, हे १९१९ च्या वायमार राज्यघटनेत लिहिले गेले आणि १९४९ च्या घटनेने ते कलम जसेच्या तसे उचलले. बर्लिन राज्याने नाताळआधीच्या चारही रविवारी दुकाने उघडण्याची मुभा दिली, तेव्हा चर्च न्यायालयात गेले, आणि १ डिसेंबर २००९ रोजी घटना न्यायालयाने ती मुभा घटनाबाह्य ठरवली. दुकानदाराला नफा हवा आहे आणि गिऱ्हाइकाला खरेदी करावीशी वाटते, एवढे कारण रविवार मोडायला पुरेसे नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

मूर्तींच्या दाखल्याकडेही जरा नीट पाहू. युद्धानंतरच्या जर्मनीत माणसे खरोखरच राबली. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला आठवडा सहा दिवसांचा आणि सुमारे ४८ तासांचा होता. ७० तासांचा नव्हे. भारतात कायद्याने आठवड्याची जी मर्यादा आहे, तीही ४८ तासांचीच. आणि अर्थव्यवस्था जोमाने वाढत असतानाच, १ मे १९५६ रोजी, जर्मन कामगार संघटनांनी पाच दिवसांच्या आठवड्यासाठी मोहीम उघडली. तिच्या भित्तिपत्रकावरचा लहान मुलगा म्हणत होता, 'शनिवारी बाबा माझे!' पुढे १९८४ मध्ये ३५ तासांच्या आठवड्यासाठी मोठा संप झाला तो याच श्टुटगार्टच्या परिसरातल्या धातू कारखान्यांत, आणि ते ३५ तास पदरात पडायला १९९५ साल उजाडले. आज चाकणहून बदलीवर आलेला मराठी अभियंता चार वाजता लॅपटॉप मिटतो, तो त्या संपाच्या जोरावर.

हे आपल्याला नवे वाटायचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांतला रविवार मिळवला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुल्यांचे हे सहकारी. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुट्टी मान्य करून घेतली. रविवार हा खंडोबाचा वार, तो कामगाराला मिळायलाच हवा, असाही त्यांचा युक्तिवाद होता असे सांगितले जाते. त्याच महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्याची मोकळीक दिली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दुकाने व आस्थापनांतील कामाचा दिवस ९ तासांवरून १० तासांवर नेण्यास मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. पुण्यातल्या एक ते चारच्या बंद दुकानांवर आपण वर्षानुवर्षे विनोद केले. चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारीही दुकान उघडे ठेवायचे ठरवले, तेव्हा ती चक्क बातमी झाली. त्या तीन तासांत काउंटरमागचा माणूस घरी जाऊन जेवत होता, हे मात्र त्या विनोदांत कधीच आले नाही.

आता उरलेला निम्मा भाग. इथला रविवार सगळ्यांना सारखा वाट्याला येत नाही. इस्पितळातल्या परिचारिका, ट्राम चालवणारे, स्थानकातल्या दुकानातले विक्रेते कामावरच असतात आणि त्यांत आमच्यासारखे बाहेरून आलेले पुष्कळ असतात. एकटा राहणाऱ्या विद्यार्थ्याला तर हा बंद दिवस खायला उठतो, कारण इथे 'सहज आलो होतो' म्हणून कोणाच्या दारात उभे राहता येत नाही. केकचे आमंत्रणही दोन आठवडे आधी ठरते. शिवाय ज्या बाबांना शनिवार मिळाला त्यांच्या घरातल्या आईचे काय, हा प्रश्न त्या भित्तिपत्रकाने विचारला नव्हता. आपल्याकडेही रविवारचा मटणाचा रस्सा, पाहुणे आणि दुपारची वामकुक्षी या सुखाचा हिशेब स्वयंपाकघरातल्या बाईला विचारून कोणी करत नाही.

खुद्द जर्मनीतही वारे फिरू लागले आहे. चार दिवसांच्या आठवड्याने देशाची समृद्धी टिकणार नाही, असे चॅन्सेलर मेर्त्स यांनी मे २०२५ मध्ये सुनावले, आणि कामाच्या रोजच्या मर्यादेऐवजी आठवड्याची मर्यादा ठेवण्याचा त्यांच्या आघाडी सरकारचा बेत आहे. जर्मन कामगार वर्षाला सरासरी सुमारे १,३४० तासच काम करतो, हा आकडा त्यासाठी पुढे केला जातो. त्यात अर्धवेळ काम करणाऱ्या स्त्रियांचा वाटा मोठा आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

म्हणून ७० की ९० या वादात महाराष्ट्राने एक वेगळा प्रश्न घालावा, असे मला वाटते: एका घरातल्या माणसांना सुट्टी एकाच दिवशी मिळते का? पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात कित्येक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. बायको मॉलमध्ये विक्रेती असेल तर तिची सुट्टी पाळीप्रमाणे, बहुधा मंगळवार किंवा बुधवार, कारण शनिवार-रविवार म्हणजे गिऱ्हाइकीचे दिवस. मुलांची शाळा रविवारी बंद. कायद्याने सांगितलेली सलग २४ तासांची साप्ताहिक विश्रांती या घरात प्रत्येकाला मिळते, आणि कोणत्याही मालकाने कोणताही नियम मोडलेला नसतो.