रस्ता सोडून सगळं तपासलं

पाच महिने थांबलो. मुक्त ज्ञानकोशात, म्हणजे कोणालाही लिहिता-सुधारता येतो अशा ज्ञानकोशात, मी लिहिलेल्या एका लेखाचं परीक्षण व्हावं म्हणून पाच महिने. काल रात्री गावाहून पुण्याला आलो, पिशवी खाली टाकली, लॅपटॉप उघडला आणि जे वाचलं त्याने अजून डोकं शांत झालेलं नाही.

लेख राष्ट्रीय महामार्ग ६१ वरचा. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा, नगर, पाथर्डी, माजलगाव, पाथरी, मानवत, परभणी, वसमत, नांदेड, भोकर, भैसा, निर्मल. आमच्याकडे याला ६१ म्हणणारा माणूस शोधावा लागेल. कल्याण-निर्मल म्हणतात, नाहीतर विशाखापट्टणम रोड. जुना क्रमांक २२२. २०१० साली देशभरातल्या महामार्गांचे क्रमांक नव्याने लावले, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम, तेव्हा २२२ चा ६१ झाला. मुक्त ज्ञानकोशात या रस्त्यावर चार ओळी होत्या आणि त्यातल्या दोन चुकीच्या होत्या. मी पाथर्डी तालुक्यातला. दोन वर्षं सुट्ट्या घालवून, कधी एसटीने कधी मोटरसायकलवर, हा रस्ता तुकड्या-तुकड्याने पालथा घातला. पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड वहीत उतरवले, गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, वाचलं, वर्तमानपत्रांची जिल्हा पानं चाळली. मग लिहिलं आणि पीअर रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्या संपादकाकडून तपासून घ्यायला टाकलं.

एकूण ४१ शेरे आले. मोजले मी. त्यातले २६ शेरे हायफन, स्वल्पविराम, आकडा आणि 'किमी' यांच्यामधली जागा आणि माहितीचौकटीचा (लेखाशेजारच्या थोडक्यात माहितीच्या तक्त्याचा) रंग यांवर. हायफन चुकले असतील तर दुरुस्त करा, माझी काही हरकत नाही. पण पाच महिन्यांनी एक माणूस माझा लेख उघडतो, वरपासून खालपर्यंत जातो आणि त्याला फक्त रेघा दिसतात?

मग 'रचना' या मथळ्याखाली लिहिलंय की प्रमुख जंक्शनांचा तक्ता प्रमाण पद्धतीने नाही, एक्झिट क्रमांक (महामार्गावरून बाहेर पडायच्या वाटांचे आकडे) दिलेले नाहीत, 'फाटा' हा शब्द बोलीभाषेतला आहे, त्याऐवजी 'जंक्शन' वापरावा. सोबत नमुना म्हणून अमेरिकेतल्या एका राज्य महामार्गाचा लेख जोडलाय. अरे, या रस्त्याला एक्झिट नाहीत! माळशेजपासून निर्मलपर्यंत जिथे रस्ता फुटतो तिथे फाटाच आहे. आळेफाट्याला पुणे-नाशिक रस्ता आडवा जातो आणि त्या गावाच्या नावातच फाटा आहे. फाट्यावर गाडी थांबते, फाट्यावर चहा मिळतो, फाट्यावरून आत किती किलोमीटर चालायचं ते माणूस सांगतो. ग्रामीण भागातल्या रस्त्याचा अर्धा व्यवहार या एका शब्दात आहे आणि तो शब्द तुम्ही बोलीभाषेतला म्हणून काढायला सांगता. मराठी ज्ञानकोशात!

संदर्भांबद्दल जे लिहिलंय ते वाचून तर मी उठून बाहेर जाऊन आलो. स्थानिक मराठी वृत्तपत्रं विश्वासार्ह धरता येत नाहीत, शक्यतो इंग्रजी स्रोत द्यावेत. १८८४ सालचं अहमदनगर जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर चाललं, त्यावर एक अक्षर नाही. साहेबाने जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेलं ग्राह्य, आणि पाथर्डीतल्या रखडलेल्या कामावर, खड्ड्यांवर, तिथल्या आंदोलनांवर तिथेच उभं राहून तालुक्याच्या बातमीदाराने लिहिलेलं अग्राह्य. मुंबई-दिल्लीचं कोणतं इंग्रजी वर्तमानपत्र तिसगावच्या खड्ड्याची बातमी देतं? करंजी घाटात ट्रक अडकला तर कोण छापतं? आमच्याकडच्या रस्त्याचा इतिहास जिल्हा पानावरच आहे. तो नाकारला तर रस्त्याला इतिहास उरत नाही. मग पुढचा कोणीतरी येऊन शेरा मारणार, 'या विषयाची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही.'

जुना २२२ आणि नवा ६१, दोन क्रमांकांमुळे वाचकाचा गोंधळ होतो, एकच ठेवावा, असंही आहे. क्रमांक बदलून इतकी वर्षं झाली तरी काही दगडांवर २२२ मी स्वतः वाचलाय. प्रवासाला निघालेल्या माणसाला दोन्ही आकडे माहीत हवेत, नाहीतर तो खरंच गोंधळेल.

नाणेघाटावरचे दोन परिच्छेद 'प्रवासवर्णन' म्हणून काढायला सांगितलेत. जुन्नरहून कल्याण बंदराकडे जायची सातवाहनांच्या काळातली वाट नाणेघाटाची, तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि माळशेज त्याच सह्याद्रीच्या धारेवर, शेजारी. कल्याण ते जुन्नर हा माग दोन हजार वर्षं वाहता आहे म्हणून आज तिथून महामार्ग जातो. हे प्रवासवर्णन नाही. रस्ता तिथे का आहे याचं उत्तर आहे ते.

तसंच सरहद्दीचं. पाथर्डी मुंबई इलाख्यात होती आणि पलीकडचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात. आज खरवंडी सोडून बीड जिल्ह्यात शिरताना जी हद्द लागते, ती एकेकाळी दोन राजवटींमधली हद्द होती. पुढे माजलगाव, मग ढालेगावला गोदावरी, मग परभणी, नांदेड आणि थेट निर्मलपर्यंत सगळा एकेकाळचा निजामाचा मुलूख. या एका रस्त्याने दोन वेगळ्या राजवटींतले तालुके जोडलेत. त्यावर शेरा एका शब्दाचा: 'अनावश्यक'.

आणि आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली. लेखात मी निर्मल हे गाव आदिलाबाद जिल्ह्यात असल्याचं लिहिलं होतं. जुन्या नकाशावरून घेतलं होतं, चूक माझी. २०१६ साली तेलंगणात नवे जिल्हे झाले तेव्हा निर्मल स्वतःच जिल्हा झाला. काल रात्री शेरे वाचता-वाचता ती चूक माझी मलाच दिसली. ४१ शेऱ्यांमध्ये तिचा उल्लेख नाही. पहिल्याच परिच्छेदात होती, रस्त्याच्या नावातच असलेल्या गावाबद्दल होती. परीक्षण कशाचं केलंत मग?

शेवटचा शेरा ऊसतोडीच्या परिच्छेदावर. दसरा झाला की पाथर्डी, शिरूर कासार, गेवराई, माजलगाव इकडची माणसं ट्रकने, ट्रॅक्टरने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. भांडीकुंडी, शेळ्या, तान्ही पोरं, सगळं गाडीत. उन्हाळा लागला की परत. त्या दिवसांत हा रस्ता कशाने भरलेला असतो ते डोळे असलेल्या कोणालाही दिसतं. मी लिहिलं होतं की मुकादम 'कोयत्यां'ना उचल देऊन टोळी बांधतो. परीक्षकाने 'कोयते' खोडून 'मजूर' केलं आणि शेजारी लिहिलं, 'कोयता हे अवजार आहे, शब्दप्रयोग चुकीचा.' आणि खाली, 'संपूर्ण परिच्छेद अवांतर, महामार्गाशी संबंध नाही.'

एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, हिशोब जोडीचा होतो. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. बीडमधल्या, पाथर्डीमधल्या कोणत्याही पोराला विचारा. माहीत नसेल तर विचारायचं होतं, प्रत्येक लेखाला जोडलेलं चर्चापान त्यासाठीच असतं. न विचारता खोडायचं कशाला?

परीक्षणाच्या अगदी तळाशी एक ओळ आहे: 'लेखकाकडून सात दिवसांत प्रतिसाद न आल्याने परीक्षण बंद करण्यात येत आहे.' तुम्ही पाच महिने घेतलेत. मला सात दिवस. ते सात दिवस मी गावी होतो. माझे चुलते आणि चुलती या वर्षीही निघाले. पहाटे साडेचारला फाट्यावर ट्रक आला, गोधड्या, पत्रे आणि पिठाचे डबे मी हाताने चढवून दिले, आणि गाडी याच रस्त्याने करंजी घाटाकडे गेली.

निर्मलचा जिल्हा रात्रीच दुरुस्त केला. सगळे हायफनही बदलले. ऊसतोडीचा परिच्छेद परत घातलाय आणि त्यात 'कोयते' हाच शब्द आहे. चर्चापानावर त्याचा अर्थ लिहिलाय, जिल्हा पानाचं कात्रण जोडलंय. आता पुन्हा परीक्षणाला टाकतोय. या वेळी जो कोणी उघडेल त्याने आधी नकाशा उघडावा, पाथर्डी कुठे आहे ते बघावं आणि मग पहिली ओळ वाचावी.