खिम्याची जाहीर सुनावणी

परवा कैरोच्या मआदी भागातल्या खाटकाच्या दुकानात एका सत्तरीच्या बाईने मला "या हाग्गा" अशी हाक मारली. हजला जाऊन आलेल्या, किंवा जायच्या वयाला पोचलेल्या बाईला कैरोत आदराने असं म्हणतात. (उच्चाराला मराठी माणसाने हसू नये. मीही हल्ली हसत नाही.) पुण्यात मला पहिल्यांदा 'काकू' म्हणणारा निदान मिसरूड न फुटलेला पोरगा तरी होता. इथे केस चॉकलेटी रंगवलेली, माझ्या सासूबाईंच्या भिशीत शोभेल अशी बाई मला आजी करून मोकळी झाली. बरं, हाक मारून थांबली असती तरी मी गिळलं असतं.

विषय होता हवावशी. एश बलदी नावाची इथली कोंड्याची रोटी मधून पोकळ असते. तिचं पोट कापायचं, आत कच्चा मसालेदार खिमा पातळ थापायचा आणि चरबी रोटीत मुरून रोटी कुरकुरीत होईपर्यंत भट्टीत भाजायचं. 1971च्या सुमारास तौफिकियाच्या बाजारात अहमद अल-हव्वाश नावाच्या खाटकाने हे पहिल्यांदा केलं आणि त्याचंच नाव पदार्थाला चिकटलं, असं कैरोत सांगतात. आता ती गल्लोगल्ली मिळते. आमच्या कोपऱ्यावरही मिळते. पण गल्लीतल्या हवावशीत नक्की कोणाचा खिमा आहे हे विचारायचं नाही, अशी रीत आहे. गाढवाचे विनोद इजिप्शियन माणूस हवावशी खाता खाता स्वतःच सांगतो आणि वर दुसरी मागवतो. माझं मन तेवढं मोठं नाही. म्हणून घरी करायचं ठरवलं आणि खाटकाकडे गेले.

"दानी. एक किलो. खिमा," मी म्हटलं. दानी म्हणजे मेंढी.

"कशाला?" असा प्रश्न आला. खाटकाकडून नाही, मागून.

मी वळून पाहिलं. चाकांची पिशवी, गळ्यात साखळीला लटकवलेला चष्मा, आणि चेहऱ्यावर आजन्म मुख्याध्यापिका असल्याचा भाव.

"हवावशीला."

"घरी?"

"घरी."

बाईने चष्मा डोळ्यांवर चढवला. "या हाग्गा, हवावशी घरी कोण करतं?" हे वाक्य तिने मला नाही, दुकानाला विचारलं. दुकानात खाटीक होता, त्याचा पोऱ्या होता, आणि कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर चहाचा ग्लास घेऊन बसलेले एक हाजी होते. हाजींना काही घ्यायचं होतं असं मला शेवटपर्यंत वाटलं नाही. ते बहुधा दुकानाबरोबरच आले असावेत.

"माझी आई करायची," खाटीक म्हणाला. मला जरा धीर आला.

"तुझी आई इजिप्शियन होती," बाई म्हणाली. "ही हिंदी आहे. हिंदी लोक मांस खात नाहीत."

आता हे कोणाला सांगावं? माझं माहेर कोल्हापूर. आमच्याकडे पाहुणा दारात चप्पल काढतो तेव्हा आत पांढऱ्या रश्श्याचा नारळ फुटलेला असतो. लग्न ठरताना मुलाच्या पगाराच्या आधी त्यांचा खाटीक कोण हे विचारणारे आजोबा मी पाहिलेत. त्यात मला दिलं पुण्याकडच्या, बोल्हाई देवीला मानणाऱ्या घरात. म्हणजे यांच्याकडे बोकड चालत नाही, फक्त मेंढी. बोल्हाईचा नियम. माहेरी मटण म्हणजे बोकड, त्यामुळे सासरी पहिल्याच रविवारी माझ्या तोंडून "हे जरा वेगळंच लागतं" असं निघालं आणि सासूबाईंनी ते अजून खात्यावर मांडून ठेवलंय. कैरोत आल्यावर मात्र नवऱ्याचं साधलं. इथे मेंढीला तोटा नाही. बोल्हाई नाईलपर्यंत आपली काळजी घेते असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. मी बोकडाची आठवण काढत बसते ती वेगळी.

हे सगळं अरबीत सांगण्याइतकं माझं अरबी नाही. मी फक्त म्हटलं, "मी खाते. लहानपणापासून."

तेवढ्यात हाजींनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "खात नाहीत कसे? सगळ्या इजिप्तला मांस कोण पाठवतं? हेच! हिंदी मांस!"

आता ही गोष्ट खरी आहे. भारतातून म्हशीचं गोठवलेलं मांस खोक्यांतून इथे येतं, ताज्या बलदी, म्हणजे इथल्या देशी, मांसापेक्षा बरंच स्वस्त पडतं, आणि ज्यांना बलदी परवडत नाही त्यांच्या घरात तेच शिजतं. खातात सगळे, आणि नावं ठेवतात त्याहून जास्त जण. थोडक्यात, समस्त गरीब स्वयंपाकघरांतल्या चिवट तुकड्यांना मी जबाबदार आहे, असं त्या दुकानाचं मत झालं.

"मग स्वतःच्या देशाचं घे ना! स्वस्त आहे!" पोऱ्या म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. परक्या देशात हसावं लागतं. पण ती गाय नसते, म्हैस असते, हे सांगितल्याशिवाय राहवेना. म्हशीचा शब्द मला येत होता. "गामूसा," मी ठासून म्हटलं. "गामूसा! गामूसा!"

खाटकाने मान डोलावली, दानीची मांडी बाजूला सारली आणि आकड्यावरून म्हशीचं फऱ्याचं मांस खाली उतरवलं.

ते परत आकड्यावर चढवायला लावण्यात माझं सगळं व्याकरण खर्ची पडलं. मधल्या वेळात हाजींनी "अमिताभ बच्चन!" अशी गर्जना केली. इथे पन्नाशीपुढचा प्रत्येक माणूस भारतीय दिसला की हे नाव घेतो, आणि आपणही उत्तरादाखल आनंदी चेहरा करायचा असतो. मी केला. रिक्षावाल्याला करते, पासपोर्ट बघणाऱ्या अधिकाऱ्याला करते, दाताच्या डॉक्टरला तोंड उघडं ठेवून केलाय. कधी तरी वाटतं, अमिताभजींनी याचं काही तरी मानधन आम्हाला द्यावं.

खरी सुनावणी यानंतर सुरू झाली. बाईने विचारलं, "मसाला काय घालणार?" मी आपली उत्साहाने सांगायला लागले. कांदा बारीक चिरून पिळून, भोपळी मिरची, हिरवी मिरची, पार्सली, धणे, मिरी, दालचिनी, ऑलस्पाइस...

"टोमॅटो?"

"नाही."

"बरोबर," खाटीक म्हणाला.

"चूक," बाई म्हणाली. "थोडा हवाच."

"मदाम, टोमॅटोचं पाणी सुटतं. रोटीचा लगदा होतो."

"रोटी कशाला? आम्ही इस्कंदरियाचे. आम्ही कच्च्या पिठात भरतो. पीठ लाटायचं, खिमा भरायचा, वरून दुसरं पीठ. ती खरी हवावशी." इस्कंदरिया म्हणजे अलेक्झांड्रिया.

खाटकाने सुरी खाली ठेवली. माझा खिमा अर्धा यंत्रात, अर्धा बाहेर. "मदाम, हव्वाश कैरोचा. बाजार कैरोचा. हवावशी कैरोची. इस्कंदरियाने मासे करावेत."

"वल्लाही, माझ्या आईच्या हातची तू खाल्ली असतीस तर हे बोलला नसतास."

"वल्लाही, माझ्या आईने बघितलं असतं तर म्हणाली असती ही फतीरा आहे." फतीरा म्हणजे इथली पापुद्र्यांची पोळी.

दोन्ही आया स्वर्गात होत्या हे नंतर कळलं. त्यांच्या नावाने दोघे जे शपथांवर शपथा घेत होते त्यात माझ्यामागून आलेली दोन गिऱ्हाइकंही सामील झाली. एक टोमॅटोच्या बाजूने, दुसरं तटस्थ पण लसणाबाबत फार कडवट. मला कोणीही काहीही विचारत नव्हतं. खिमा माझा, पैसे माझे, संध्याकाळ माझी, आणि मी मात्र खांबासारखी उभी. एकदा फक्त बाई माझ्याकडे वळली आणि बोट नाचवून म्हणाली, "आणि करी घालू नकोस! तुम्ही लोक सगळ्यात करी घालता." या एका वाक्याचा राग मला 'हाग्गा'पेक्षा जास्त आहे. इथल्या किराणा दुकानात पिवळ्या भुकटीची एक पुडी मिळते, तिच्यावर 'करी' लिहिलेलं असतं. ती मी आयुष्यात घातलेली नाही. माझ्या सात पिढ्यांत कोणी घातलेली नाही.

शेवटी तडजोड झाली ती लिय्यावर. लिय्या म्हणजे मेंढीच्या शेपटीची चरबी. ती खिम्यात हवी, यावर कैरो आणि इस्कंदरिया यांचं एकमत निघालं, आणि इतक्या भांडणानंतरच्या एकमताच्या आनंदात बाईने हुकूम सोडला, "दे तिला लिय्या. पूर्ण दे. अर्धवट नको." हाजींनी अनुमोदन दिलं. खाटकाने खिम्यापुरता तुकडा कापून यंत्रात घातला आणि उरलेली, उशीएवढी, पांढरीशुभ्र, थलथलती लिय्या कागदात गुंडाळून वजनकाट्यावर आपटली. "इतकी नको," मी म्हटलं. "लागते, लागते," चौघे म्हणाले.

मग बाईने स्वतःसाठी मागितलं: पाव किलो खिमा. बलदी, चरबी काढून.

मार्च 2024मध्ये इथला पाऊंड एका दिवसात कोसळला, डॉलरला एकतीसच्या आसपास होता तो पन्नासच्या घरात गेला. तेव्हापासून खाटकाकडे पाव किलो मागणारी माणसं वाढलीत हे मलाही दिसतं. पेन्शनीवर जगणाऱ्या बाईला आणखी काय परवडणार? त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. पण स्वतः चरबी काढून घेणाऱ्या बाईने दुसऱ्याच्या पिशवीत शेपूट का कोंबावी?

रोटीचं प्रकरण त्यामानाने लवकर उरकलं. बेकरीबाहेर फुटपाथवर खजुराच्या काड्यांच्या जाळ्या मांडलेल्या असतात, त्यांवर गरम रोट्या निवत पडलेल्या, वर कोंड्याची भुरभुर. सरकारी रोटी रेशनकार्डावर 20 पियास्तरला मिळते (शंभर पियास्तरचा एक पाऊंड). जून 2024पर्यंत ती 5 पियास्तरला होती, तीसेक वर्षं तोच भाव. जानेवारी 1977मध्ये सादात सरकारने अन्नावरची सबसिडी काढायला घेतली तर दोन दिवस दंगली झाल्या, सैन्य रस्त्यावर आलं आणि निर्णय मागे घ्यावा लागला. तेव्हापासून भावाला हात लावायला सगळेच घाबरत. मग भाव तोच ठेवून रोटी हलकी करायची. 2020मध्ये ती 110 ग्रॅमवरून 90वर आणली. आम्हा परदेशी लोकांना कार्ड नाही, आम्ही बाजारभावाची घेतो, पण हलकं होण्याची विद्या तिनेही उचललीय. पोट कापताना बोट आरपार जातं. खिमा भरायला उघडली की खालचा पदर कागदासारखा, आणि त्यातून मिरचीचा हिरवा तुकडा बाहेर डोकावतो. मी फाटक्या बाजूला दुसऱ्या रोटीचं ठिगळ लावलं. तव्यावरची भाकरी मोडली तर आई लावायची तसंच.

खिमा बोटभर जाड भरायचा मोह होतो, तो आवरायचा. पातळच हवा, नाहीतर रोटी करपते आणि आत कच्चं राहतं. वरून तूप चोळायचं, कागदात गुंडाळायचं, भट्टी कडक तापलेली हवी. इथे घरमालकाची गॅसची भट्टी आहे. तिच्या बटणावरचे आकडे पुसलेत. पेटवायला तळाच्या भोकात जळती काडी धरून, तोंड बाजूला करून, देवाचं नाव घ्यावं लागतं. भप्प असा आवाज आला की पेटली. मग तिच्याकडे दोनच तापमानं: बंद आणि जहन्नम. घरमालकाला कळवलं तर तो म्हणतो, माझ्या आईने याच भट्टीत तीस वर्षं स्वयंपाक केला. इथे प्रत्येक तक्रारीच्या वाटेत कोणाची तरी आई उभी असते.

हां, आणि खिम्यात मी एक चमचा कांदा-लसूण मसाला घातला. माहेरून आलेला. चमचा सपाट नव्हता. मुद्दाम घातला, परत करेन तेव्हाही घालणार आहे.

झाली मात्र अशी, की कागद सोडला तेव्हा रोटीचा वरचा पदर तडकला आणि आतली चरबी तांबूस होऊन कडेने चुरचुरत बाहेर आली. तिळाचं ताहिना आणि लोणच्याच्या गाजराबरोबर आम्ही उभ्याउभ्याच खाल्लं. नवरा तीन खाऊन म्हणाला, "छान झालंय. पण कोपऱ्यावरचं जास्त कुरकुरीत असतं, नाही?" त्याला मी काही बोलले नाही. नंतर बोलले.

एक खाली बव्वाबला, म्हणजे इमारतीच्या राखणदाराला, पाठवली. आमचा बव्वाब सोहागकडचा सईदी, म्हणजे दक्षिण इजिप्तचा. माणूस सरळ. त्याने तिथेच जिन्यात खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं ते बाहीने पुसलं, आणि गंभीरपणे म्हणाला, "अल्लाह तुझे हात सलामत ठेवो, मदाम. चांगली आहे. ही हवावशी नाही, पण चांगली आहे." मदाम म्हणाला, हे त्यातल्या त्यात बरं.

राहता राहिली लिय्या. फ्रीझरमध्ये बर्फाचा ट्रे काढून तिला जागा दिलीय, त्यामुळे पाणी कोमट पितोय. कढवून ठेव म्हणाल, तर कढवताना वास येणार, आणि वासावरून वरच्या मजल्यावरच्या जर्मन कुटुंबाने मागे एकदा चिठ्ठी लिहिली होती, तीही माझी चूक नव्हती, सुक्या बोंबलांची होती. सासूबाई पुढच्या महिन्यात येताहेत. मेंढीचीच आहे, बोल्हाईला चालेल, असं नवऱ्याचं म्हणणं. पण उशीएवढं शेपूट मी त्यांना काय सांगून दाखवू? मआदीच्या आसपास राहणाऱ्या कोणाला हवी असेल तर घेऊन जावी, पैसे नकोत. डबा मात्र परत हवा.