गोरे सर येताहेत, मॅडमना सांगून ठेवा

ट्रस्टीसाहेब, आधी मनापासून अभिनंदन. समोरच्या शाळेनं रोबोटिक्स लॅब काढली तेव्हापासून तुम्हाला झोप नव्हती, हे अख्ख्या बडोद्याला ठाऊक आहे. आता तुम्ही थेट ‘नेटिव्ह’, म्हणजे जन्मानं इंग्रजी बोलणारे, इंग्रजी शिक्षकच आणताय म्हटल्यावर दांडिया बाजारापासून वाघोडिया रोडपर्यंत आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषयच नाही. अडचण एकच. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एक मॅडम आधीपासून आहेत. एम.ए., बी.एड., आपल्याच सयाजीराव विद्यापीठाच्या. त्यांना काढता येत नाही, कारण मग काम कोण करणार? तेव्हा दोघांत वाटणी कशी करायची, ते नीट समजून घ्या.

सुरुवात निवडीपासून. नेटिव्ह कोणाला म्हणायचं, यावर फार डोकं खपवू नका. दक्षिण कोरियानं हा घोळ कधीच मिटवलाय. तिथल्या इंग्रजी शिकवण्याच्या ठरलेल्या व्हिसासाठी सात देशांचे पासपोर्ट चालतात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. तुम्हाला तेवढंही बघायची गरज नाही. आपले पालक पासपोर्ट मागत नाहीत, चेहरा बघतात. माणूस पोर्तुगालचा असला तरी खपून जाईल. उलट घरात तीन पिढ्या इंग्रजीच बोलणारा एखादा अँग्लो-इंडियन चुकूनसुद्धा घेऊ नका. ॲडमिशनच्या काउंटरवर लोक विचारतील, ‘हे तर आपल्यातलेच ना?’

अशी चूक बडोद्यानं एकदा केलेली आहे. अरविंद घोष वयाच्या सातव्या वर्षी विलायतेला गेले, तिथेच वाढले, केंब्रिजला शिकले आणि १८९३ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी आले. पुढे बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले. इंग्रजी अस्सल, पण चेहरा बंगाली. आणि स्वतःची बंगाली इथे बसून पक्की करावी लागली. इंग्रज कवी साउदीनं लिहिलेलं दर्यासारंग नेल्सनचं चरित्र शिकवताना पोरांनी तक्रार केली की सर, तुमचं बोलणं नोट्सशी जुळत नाही. त्यावर म्हणाले, मी नोट्स वाचलेल्याच नाहीत, आणि तशाही त्या टाकाऊच. बघा! असा माणूस आज पहिल्याच पालकसभेत घरी गेला असता.

आता कामाची वाटणी. गोऱ्या सरांना सकाळी गेटवर उभं करून ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला लावा. धडा मोठ्यानं वाचणं, गाणी, हॅलोविन, स्नेहसंमेलनाचं निवेदन, पाहुण्यांबरोबरचा फोटो, हे सगळं त्यांचं. मॅडमकडे उरलेलं किरकोळ काम: हजेरी, डायरी, साठ वह्या, युनिट टेस्ट, स्पेलिंग, व्याकरण, बोर्डाचे पेपर तपासणं, आजारी शिक्षकाचा तास आणि ज्यांचं पोर नापास झालंय त्यांचे रात्री साडेनऊचे फोन. शिवाय गोऱ्या सरांनी वर्गात विनोद केला की आधी आपण हसायचं, म्हणजे पोरांना कळतं की विनोद झाला.

जपाननं १९८७ साली जेट नावाची योजना काढून परदेशी तरुण शाळाशाळांत पाठवले. कागदावर ते सहायक, वर्ग जपानी शिक्षकाच्या हातात. तिथे परदेशी पोरांचीच रड अशी की आमचा माणूस न राहता टेपरेकॉर्डर झालाय, मास्तर बोट करतात आणि आम्ही वाक्य म्हणतो. तुम्ही जपानची नक्कल करा, फक्त उलटी. टेपरेकॉर्डरला मुख्य शिक्षक म्हणा आणि मास्तरला सहायक.

या व्यवस्थेत वर्ग कसा चालतो, तेही डोळ्यांसमोर आणा. सातवी ब, दुसरा तास. गोरे सर फळ्याला टेकून छान वाचताहेत. मागच्या बाकावरची एक चौकस मुलगी उठते आणि विचारते, ‘सर, गंगेच्या आधी ‘द’ लावायचा, मग वडोदराच्या आधी का नाही?’ सर क्षणभर छताकडे बघतात, मग गोड हसून म्हणतात, ‘इट जस्ट साउंड्स राइट.’ वर्गातली साठच्या साठ पोरं मान खाली घालून वहीत लिहितात: इट जस्ट साउंड्स राइट. युनिट टेस्टमध्ये ‘कारणे द्या’ला तेच उत्तर येतं. गुण किती द्यायचे, हा प्रश्न अर्थातच मॅडमचा.

आगाऊपणा बघा, मॅडमना त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर येतं. नदी, समुद्र, पर्वतरांग यांना लावायचा, गावाला नाही. त्यांना ते येतं, कारण त्या स्वतः हे घोकून, चुकून, छडी खाऊन शिकल्यात. मराठीत आणि गुजरातीत असली भानगडच नसल्यामुळे आपली पोरं एक तर ‘द’ खाऊन टाकतात, नाहीतर सेव-उसळीवर शेव भुरभुरावी तसा सगळीकडे घालतात, हेही त्यांना अडखळण्याआधीच दिसतं. गोऱ्या सरांना ते कसं दिसणार? ते कधी अडखळलेच नाहीत. पण हे कौशल्य प्रॉस्पेक्टसच्या फोटोत येत नाही, सबब त्याला किंमत देऊ नये.

याबाबतीत काही विघ्नसंतोषी लोक लिहून बसलेत, म्हणून लायब्ररीवर जरा लक्ष ठेवा. भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन १९९२ साली लिहून गेला की आदर्श इंग्रजी शिक्षक म्हणजे जन्मानं इंग्रजी बोलणारा, हा निव्वळ भ्रम आहे. हा माणूस स्वतः ब्रिटिश! घरचाच भेदी. त्याच वर्षी हंगेरीच्या पीटर मेदियेशनं विचारलं, दोघांत जास्त मोलाचा कोण? आणि उत्तर दिलं की दोघांची बलस्थानं वेगळी, शाळेत दोघंही हवेत. दोघंही हवेत इथवर ठीक, पण पगारपत्रक बनवताना ही ओळ समोर ठेवू नका.

पगारावरून आठवलं. एक सरकारी खोडा आहे. परदेशी माणसाला भारतात नोकरीचा व्हिसा हवा तर साधारण नियमानं वर्षाला १६.२५ लाख रुपयांच्या वर पगार द्यावा लागतो. सवलत कोणाला? परदेशी पद्धतीचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना आणि भाषाशिक्षकांना. पण इंग्रजीचे शिक्षक वगळून. म्हणजे इटालियन आचारी कमी पगारात आणता येतो, फ्रेंच शिकवणाराही, फक्त तुमचं घोडं अडतं. आचारी म्हणून आणून तासाला पाठवा, असं आम्ही म्हणणार नाही. तुमच्या साडूंच्या लेस्टरच्या ओळखीतला कोणी गुजरात बघायला येणारच असेल, तर त्याला ‘पाहुणे अध्यापक’ म्हणणंही कायद्यात बसत नाही, हे तुमच्या वकिलांना विचारा. आणि १६.२५ लाख उभे करायचेच ठरलं, तर मॅडमचा पगार आहेच हाताशी. सही एका आकड्यावर घ्यायची आणि हातात दुसरा ठेवायचा, ही आपल्या शिक्षणक्षेत्राची जुनी परंपरा आहे, तुम्हाला मी काय शिकवणार!

पालकांना सांभाळायचं तर ॲक्सेंट हा शब्द पेरत राहा. अर्ध्या बडोद्याला कॅनडा दिसतोय. परदेशी जाणाऱ्यांचं इंग्रजी जोखणाऱ्या आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेत ११ ते १४ मिनिटांच्या बोलण्याला चार निकषांवर सारखेच गुण असतात, उच्चार हा त्यातला फक्त एक, आणि तिथेही समजेल असं बोलणं बघतात, साहेबी ढब नाही, ही माहिती फुटू देऊ नका. मॅडम संध्याकाळी दांडिया बाजारातल्या क्लासमध्ये हेच शिकवतात. त्यांना नोटीस द्या.

निकाल चांगला लागला तर गोऱ्या सरांचा सत्कार, वाईट लागला तर मॅडमना मेमो. यात अन्याय मानू नका. १८७५ मध्ये कवळाण्याहून बारा वर्षांचे गोपाळराव दत्तक आले आणि सयाजीराव झाले, तेव्हा त्यांना शिकवायला इलियटसाहेब होते आणि मराठी, गुजराती शिकवायला आपले देशी मास्तरही होते. सूरसागर तलावाच्या काठी उभं राहून विचारा, कोणाचं नाव लोकांना आठवतं.

गोरे सर वर्षभरात जाणार, हे धरून चाला. बहुधा उन्हाळ्याआधी, बोर्डाच्या तोंडावर. निरोप समारंभ करा, शाल-श्रीफळ द्या, भाषण मॅडम लिहून देतील. गेटवरचं होर्डिंग मात्र उतरवू नका, फ्लेक्सचे पैसे परत कशाला? फोटो तोच ठेवा, खाली नाव बदला. पुढच्या वर्षीचे सर टक्कल असलेले निघाले, तर पालकांना काय सांगायचं ते मॅडम बघतील.