आधी खेळ ठरवा, मग यंत्र

"शूटर खेळायचा तर पीसीच घ्या, कन्सोल म्हणजे पोरखेळ" हे 'पीसी की कन्सोल' या विषयावरच्या लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. (शूटर म्हणजे गोळीबाराचा खेळ; कन्सोल म्हणजे प्लेस्टेशन ५ (पीएस५), एक्सबॉक्ससारखं खास खेळांचं यंत्र.) कुठला शूटर, ते आधी सांगा ना! काउंटर-स्ट्राइक २ खेळायचा असेल तर विषयच संपला, तो कन्सोलवर नाहीच. व्हॅलोरंट २०२० साली पीसीवर आला, २०२४ मध्ये पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजवरही. पण कन्सोलवाल्यांची गाठ पीसीवाल्यांशी पडतच नाही, दोन्ही आखाडे वेगळे. मित्रमंडळी पीसीवर आणि तुम्ही कन्सोल घेतलात, तर बसा एकटेच.

वॉरझोन या शूटरचं उलट. तिथे सगळे एकत्र खेळतात आणि कंट्रोलरवाल्याला (म्हणजे माऊसऐवजी हातात धरायचं बटणांचं साधन वापरणाऱ्याला) एम असिस्ट, म्हणजे नेम धरायला मदत, मिळतो: शत्रू जवळून आडवा पळाला की नेम थोडा आपोआप त्याच्यामागे सरकतो. माऊसवाले त्यावरून कायम बोंब मारतात. गंमत म्हणजे कंट्रोलर पीसीला जोडला तरी हा असिस्ट मिळतोच, म्हणजे भांडण मुळात कन्सोलशी नाहीच. गर्रकन मागे वळण्यात मात्र माऊसला तोड नाही.

खर्चाचं लेखात अर्धंच आलंय. पीएस प्लसचे, म्हणजे प्लेस्टेशनवर ऑनलाइन खेळण्याच्या वर्गणीचे, पैसे धरलेत, पण वॉरझोनसारख्या फुकट खेळांना ते लागत नाही, हे राहिलं. आणि हो, कन्सोल टीव्हीला जोडणार असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करा. तो बंद असला की बटण दाबल्यावर गोळी उशिरा सुटल्यासारखी वाटते आणि लोक उगाच कंट्रोलर बदलत बसतात.