"पोरं आहेत, चालायचंच" म्हणणं आता बंद करा

आज पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका आईनं लिहिलं, की मुलीचा कपडे बदलतानाचा फोटो वर्गातल्याच मुलींनी काढून फिरवलाय. त्यावर पहिलं उत्तर काय? "पोरं आहेत हो, चालायचंच. मुलांच्या भांडणात मोठ्यांनी पडू नये." त्याला अंगठेही मिळाले! डोकंच फिरलं माझं.

भांडण कसलं? भांडणात दोघांनाही तोंड असतं. डॅन ओल्वेयस या संशोधकानं १९७०च्या दशकापासून हेच मांडलं: मुद्दाम, पुन्हा पुन्हा आणि ज्याला उलटून काही करता येत नाही अशालाच त्रास देणं, हा छळ. आणि तो फोटो कुणाकडे आला असेल तर "पुरावा" म्हणूनसुद्धा पुढे पाठवू नका. तेवढ्यानं त्या पोरीचा छळ आणखी एकदा होतो.

माझ्या भाच्याची पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत यायची. बहीण आधी रागवायची. मग तिच्या लक्षात आलं, की घरात पाऊल टाकताच हा पाठीवरच्या दप्तरासकट बाथरूमकडे धावतो. शाळेतल्या स्वच्छतागृहात वरच्या वर्गातली दोघं त्याला कडी लावू द्यायची नाहीत, कपडे ओढायची, धमकवायची. तिथं जावं लागू नये म्हणून लेकरू दिवसभर पाणीच पीत नव्हतं.

मुलं तोंडानं सांगत नाहीत. सकाळी पोट दुखतं, वस्तू "हरवतात", फोन वाजला की दचकतात, एखाद्या मित्राचं नाव घेणंच बंद होतं. बहिणीनं त्याला समोर बसवून उलटतपासणी घेतली नाही. रात्री दिवा मालवल्यावर एवढंच विचारलं, "शाळेत अशी कुठली जागा आहे का, जिथं जायला नको वाटतं?" तेव्हा तो बोलला. "कुणाला सांगू नकोस" म्हणाला, तर तिनं खोटं वचनही दिलं नाही. "ज्यांना हे थांबवता येईल, त्यांनाच सांगेन," म्हणाली.

आणि शाळेनं काय केलं? तिघांना उभं करून हात मिळवायला लावले. मिटलं म्हणे! ज्याला छळलं त्यालाच मोठं मन दाखवायला लावायचं? संताप येतो नुसता.

हो, प्रत्येक धक्काबुक्की म्हणजे छळ नव्हे, मान्य. ती दोघंही मुलंच होती, हेही मान्य. खरं तर त्यांच्याबद्दलही वाईट वाटतं. त्यांच्यावर स्वतःवर काय बेतलंय, हे कुणी विचारलं का? त्यांना थांबवायलाच हवं, पण सावरायलाही हवं.

बाकीच्या वर्गाला सगळं माहीत होतं. फिनलंडमधल्या शाळांचा किवा हा छळ रोखण्याचा कार्यक्रम या बघ्या मुलांवरच भर देतो, कारण ती हसायची थांबली की छळणाऱ्याचा अर्धा जोर जातो. आपण मात्र आपल्या मुलांना "तू मध्ये पडू नकोस" शिकवतो.

पालकसभेत गुणांवर तासभर बोलता ना? मग हेही विचारा. मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाबाहेर कोण मोठं माणूस असतं? मुलाची तक्रार लिहून कोण घेतं? आणि तक्रार केल्यावर दुसऱ्या दिवशी त्या मुलाला कुणाशेजारी बसवतात?