शिव्हलरीतल्या शिव्या

समजा साल १६३७ आहे. तुम्ही इंग्लंडातल्या एखाद्या परगण्यातले खानदानी गृहस्थ आहात आणि चर्चमध्ये कोणी कुठल्या बाकावर बसायचं यावरून शेजारच्या जमीनदाराने चार लोकांदेखत तुम्हाला ‘खोटारडा, हलकट’ म्हटलं.

तलवारीला हात घालू नका. द्वंद्वाचं आव्हान दिलंत तर स्टार चेंबर या राजाच्या खास कोर्टापुढे तुम्हीच उभे राहाल. साध्या कोर्टातही जाऊ नका. तिथे विचारतील, ‘चोर’ म्हणाला का? धंदा बुडाला का? नाही? मग घरी जा. नुसत्या ‘हलकट’ला साध्या कोर्टांचा कायदा, म्हणजे कॉमन लॉ, एक पेनी देत नाही.

तुमची सोय वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यात, पेंटेड चेंबरमध्ये आहे. १६३४ पासून तिथे कोर्ट ऑफ शिव्हलरी, म्हणजे सरदारी इभ्रतीचं कोर्ट, नियमित बसतं. मराठी कानाला या नावात आधी शिवी ऐकू येते, आणि कान फारसा चुकत नाही. द्वंद्व पेटेल असे शब्द एखाद्या जंटलमनला ऐकवणं, हाच इथला मुख्य गुन्हा. वर बसतात अर्ल मार्शल, म्हणजे सरदारी मानचिन्हांचे मुख्य अधिकारी, थॉमस हॉवर्ड; स्वतःही अरंडेलचे अर्ल, बडे सरदार. ज्युरी नाही, खाली रोमन कायदा घोटलेले वकील. सहा-सात वर्षांत ७०० हून जास्त दावे आले; तेव्हा लाजू नका. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण तुम्ही कुठे शहाणे? तुम्ही जंटलमन.

तेही आधी सिद्ध करावं लागेल, म्हणा. प्रतिवादी पहिल्या फटक्यात म्हणणार, हा कसला जंटलमन, याचा बाप खाटीक होता. मग वंशावळ काढा, ढालीवरचं चिन्ह दाखवा, घराण्यांची चिन्हं नोंदवणाऱ्या हेरल्डांचा दाखला आणा. ज्या आजोबांचं घरात कोणी नाव घेत नव्हतं, ते आता रोज जेवणाच्या टेबलावर येतील.

खरी मजा साक्षीपुराव्यात. साक्षीदारांना लंडनला न्यायचं म्हणजे खर्च, म्हणून आयुक्त तुमच्याच गावाकडे येतात आणि एखाद्या खाणावळीत मुक्काम टाकतात. वरच्या खोलीत टेबल, दौत, पीस. कारकून विचारतो, नक्की काय शब्द वापरले? साक्षीदार घसा खाकरतो आणि म्हणतो, ‘हलकट’. कारकून लिहितो. पुढचा येतो. तो म्हणतो, ‘नाही, आधी खोटारडा, मग हलकट.’ तेही लिहिलं जातं. तिसऱ्याला आणखी एक शब्द आठवतो, जो तुम्ही स्वतः त्या दिवशी ऐकलाच नव्हता. जिन्यात उभा असलेला पोऱ्या संध्याकाळपर्यंत तिन्ही शब्द बाजारात पोचवतो. शपथेवर, तुमच्या खर्चाने.

मध्येच प्रतिपक्षाचे प्रश्न येतात. साक्षीदारा, देणी फेडून तुझ्याकडे किती पौंड उरतात? फाटक्या माणसाच्या कानांवर कोर्टाचा फारसा विश्वास नाही. तेव्हा शिवी खायची तर ऐपतदार मंडळींसमोर खा.

जिंकलात तर नुकसानभरपाई, नशीब जोरावर असेल तर शेकडो पौंड. शिवाय जाहीर माफी. भरल्या सभेत, टोपी काढून, कोर्टाने लिहून दिलेला मजकूर प्रतिवादी वाचणार: ‘मी अमुक गृहस्थांना हलकट म्हणालो, त्याचा मला मनापासून खेद आहे.’ ज्या दोघा-चौघांना अजून कळलं नव्हतं, त्यांनाही कळलं.

घाई मात्र करा. १६४० च्या वसंतात एडवर्ड हाइड नावाचा एक वकील पार्लमेंटात उठला आणि त्याने हंसाची गोष्ट सांगितली. थेम्सवरच्या एका नावाड्याने जास्त भाडं मागितलं आणि जोर यावा म्हणून अंगावरचा धन्याचा बिल्ला दाखवला. बिल्ल्यावर हंस, धनी अर्ल. गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, चल, घेऊन जा तुझं बदक! गिऱ्हाईक असलेला बिचारा व्यापारी बिल्ल्याचा अपमान केला म्हणून याच कोर्टात खेचला गेला, तुरुंगात गेला, धुऊन निघाला. सभागृहाला ही गोष्ट पुरली.  फक्त पुढे १६६१ मध्ये हाइडही क्लॅरेंडनचा अर्ल झाला आणि बिल्लेवाल्यांच्या रांगेत जाऊन बसला.

१६४० च्या डिसेंबरात कोर्टाचं काम थांबलं. तुमचा दावा अर्धवट राहिला असेल तर वकिलाची फी परत मागू नका, देत नसतात. कागद मात्र जपून ठेवले गेले. चारशे वर्षांनी कोणी तुमचं नाव शोधायला बसलं तर तुमचं घर, जमीन, दानधर्म यातलं काही हाती लागेलच असं नाही. खाणावळीतल्या त्या कारकुनाची ओळ लागेल, आधी तुमचं नाव, मग तो शब्द. म्हणून दावा लावताना आडनावाचं स्पेलिंग तेवढं त्याला नीट सांगा.